खंडाळ्याचा दगड, खारदुंगचा दगड आणि मधला हरवलेला समुद्र

पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात रस्त्याला लागून जो काळाकुट्ट कातळ दिसतो, त्याचं वय साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं आहे. लेहहून खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्याकडे उतरायला लागलं की खारदुंग गावाच्या परिसरात ज्वालामुखीचे खडक लागतात. त्यांचं वय 6 कोटी 60 लाख ते 6 कोटी 20 लाख वर्षं. म्हणजे दोघं जवळपास एकाच वयाचे. आज या दोन जागांमधलं उत्तर-दक्षिण अंतर 15-16 अंशांचं आहे, साधारण 1,700 किलोमीटर. पण हे दगड थिजले तेव्हा ते अंतर 4,000 किलोमीटरच्या वर होतं आणि मधे एक आख्खा समुद्र होता. तो समुद्र आज नाही. त्याच्या जागी हिमालय आहे.

हे कशावरून म्हणायचं? त्याच दोन दगडांच्या चुंबकत्वावरून. मला हे शास्त्र फार आवडतं, कारण याला लागणारं गणित दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे जात नाही आणि त्यातून मिळणारं उत्तर मात्र डोंगरांएवढं असतं.

सुरुवात होकायंत्रापासून करू. कॉलेजात असताना एका गडाच्या उघड्या माथ्यावर मी होकायंत्र घेऊन उत्तर शोधत होतो. चार पावलं सरकलो आणि काटा चांगला वीसेक अंशांनी फिरला. अजून चार पावलं गेलो, तर भलतीकडेच. यंत्र बिघडलं असं समजून मी ते पिशवीत टाकलं. ते बिघडलेलं नव्हतं. आपल्या काळ्या कातळाला स्वतःचं चुंबकत्व असतं आणि डोंगरमाथ्यावर वीज पडली की तिच्या प्रचंड प्रवाहामुळे तेवढ्या भागातला कातळ नव्यानं आणि जोरात चुंबकित होतो. तुम्ही ट्रेकला जात असाल तर हे स्वतः करून बघा. फोनमधलं होकायंत्रही चालेल. ते कातळाला अगदी टेकवून धरा आणि मग हात वर उचला.

आता हे चुंबकत्व दगडात येतं कुठून? बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या या काळ्या कातळात, मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक बारीक कण असतात. त्यातले सगळ्यात कामाचे कण केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचं तापमान हजार अंशांच्या वर असतं आणि तेवढ्या उष्णतेत या कणांना कसलीच दिशा नसते. लाव्हा निवत जातो. 580 अंश सेल्सिअसच्या खाली आला की मॅग्नेटाइट चुंबकित होऊ शकतं आणि त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल, ती दिशा ते उचलतं. तिळाच्या वड्या थापताना पाक गरम असेपर्यंत सुरी कशीही फिरते, पण थिजला की पडलेली रेघ पडलीच. इथेही तसंच होतं. एकदा दगड थंड झाला की ती रेघ कोट्यवधी वर्षं टिकते. दगड नंतर सरकला, वळला, उलटा झाला, तरी आतली रेघ त्याच्याबरोबर जाते.

या रेघेत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक तर उत्तर कुठे होती ती. दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या होकायंत्रात दिसत नाही, कारण त्याचा काटा आडवाच फिरावा म्हणून मुद्दाम तोलून बसवलेला असतो. काटा मधोमध दोऱ्याला बांधून मोकळा सोडला, तर तो आडवा राहत नाही, जमिनीकडे झुकतो. विषुववृत्तावर झुकाव शून्य, ध्रुवावर काटा थेट उभा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडचं टोक खाली जातं, दक्षिण गोलार्धात तेच टोक आकाशाकडे वळतं. झुकाव आणि अक्षांश यांचं नातं एका ओळीचं आहे: झुकावाच्या कोनाचा टॅन्जंट हा अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असतो. मुंबईसाठी करून बघू. अक्षांश 19, त्याचा टॅन्जंट 0.344, दुप्पट केला की 0.689, आणि तेवढा टॅन्जंट असणारा कोन साडेचौतीस अंशांच्या थोडा वर. म्हणजे मुंबईत आज लाव्हा थिजला, तर त्याच्या आतला काटा उत्तरेकडे तोंड करून सुमारे 35 अंश खाली झुकलेला असायला हवा.

प्रत्यक्षात आज मोजलं तर मुंबईतला झुकाव याहून बराच कमी भरतो. सूत्र चुकलेलं नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कोणत्याही एका वेळी पृथ्वीच्या अक्षाशी अगदी जुळलेलं नसतं, ते सतत थोडं इकडेतिकडे डोलत असतं. सध्या आपल्या बाजूला चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, भौगोलिक विषुववृत्तावरून नाही. हे डोलणं टिपण्यासाठीच तर चुंबकीय वेधशाळा असतात. कुलाब्याची वेधशाळा एकोणिसाव्या शतकापासून हे काम करत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहामुळे नोंदी बिघडणार हे ओळखून 1904 साली चुंबकीय काम अलिबागला हलवलं गेलं, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. ती वेधशाळा अजून सुरू आहे. अलिबागला किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

काही हजार वर्षांची सरासरी काढली की हे डोलणं आपोआप कटतं आणि क्षेत्र पृथ्वीच्या अक्षाशी जुळतं. म्हणून एकाच लाव्हाथरातून शंभर तुकडे घेऊन भागत नाही. एक थर काही दिवसांत किंवा वर्षांत निवतो, म्हणजे तो एका क्षणाचा फोटो. वेगवेगळ्या काळात वाहिलेले पुष्कळ थर घ्यावे लागतात. सह्याद्रीत थरांवर थर रचलेले आहेत, त्यामुळे या कामाला सह्याद्रीसारखी जागा नाही.

हे काम भारतात कसं सुरू झालं ते सांगण्यासारखं आहे. पॅट्रिक ब्लॅकेट हे नोबेल मिळालेले ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ. फिरणाऱ्या कोणत्याही जड वस्तूला नुसत्या फिरण्यामुळेच चुंबकत्व येत असावं, अशी त्यांची कल्पना होती. ती तपासायला त्यांनी अत्यंत संवेदनशील चुंबकमापक बनवला आणि बँक ऑफ इंग्लंडकडून 15 किलोंचा सोन्याचा दंडगोल मिळवला. प्रयोगानं कल्पना खोटी ठरवली. 1952 साली त्यांनी ते सरळ जाहीर केलं आणि हातात उरलेला तो अप्रतिम मापक खडकांकडे वळवला. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना वाटलं, की खंडं खरोखर सरकत असतील तर भारतावर ते सगळ्यात ठळक दिसेल, कारण भारत दक्षिणेकडून लांबवर उत्तरेला आला असं मानलं जात होतं. टेड अर्व्हिंग या तरुण विद्यार्थ्यानं भारतातून आलेले दख्खनचे मोजके नमुने मोजले आणि ते दक्षिण गोलार्धात थिजल्याचं दिसलं. अर्व्हिंग यांचा प्रबंध 1954 साली केंब्रिजनं नाकारला. पुढे हेच अर्व्हिंग या शास्त्रातलं पहिल्या फळीतलं नाव झाले. फिशर यांनी याच प्रश्नासाठी गोलावर विखुरलेल्या दिशांची सरासरी कशी काढायची आणि ती किती भरवशाची हे सांगणारी पद्धत 1953 मध्ये प्रसिद्ध केली. आजही प्रत्येक प्रयोगशाळा तीच वापरते.

मग ब्लॅकेट यांच्या गटातले क्लेग आणि डॉइच, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्ती यांनी दख्खनचा कातळ पद्धतशीर मोजायला घेतला. 1956 ते 1959 या काळात निकाल छापून आले. खंडं सरकतात ही कल्पना तेव्हा बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांना मान्य नव्हती. ती सर्वमान्य व्हायला अजून दहा वर्षं जायची होती. दख्खनच्या दगडांचा त्यात किती मोठा वाटा आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत तरी यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्यांना काय सापडलं? आपल्या घाटातल्या बहुतेक थरांमधला काटा दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करून 45 ते 50 अंशांनी जमिनीत घुसलेला आहे. आधी हे पचत नाही, कारण काटा उत्तर दाखवायला हवा. पण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून पूर्ण उलटं होतं, उत्तरेची दक्षिण होते. फ्रान्समध्ये बर्नार ब्र्यून यांनी 1906 साली आणि जपानमध्ये मोतोनोरी मातुयामा यांनी 1929 साली असे उलटे खडक दाखवून दिले होते. दख्खनचा बराचसा लाव्हा अशाच एका उलट्या काळात वाहिला. वरचे काही थर, महाबळेश्वरच्या माथ्याकडचे, क्षेत्र पुन्हा सुलट झाल्यानंतरचे आहेत आणि त्यांच्यातला काटा बरोब्बर विरुद्ध बाजूला, उत्तर-वायव्येकडे आणि वर आकाशाकडे आहे. उत्तर टोक आकाशाकडे याचा अर्थ दक्षिण गोलार्ध. 48-49 अंशांचा झुकाव सूत्रात घाला, अक्षांश येतो 30 अंशांच्या जवळ. म्हणजे तेव्हा आपला सह्याद्री 30 अंश दक्षिणेला होता. आज आहे 18-19 उत्तरेला. जवळपास 49 अंशांचा प्रवास, एका अंशाला 111 किलोमीटर धरले तर 5,400 किलोमीटर. शिवाय काटा खऱ्या उत्तरेपासून साधारण 25 अंश पश्चिमेकडे वळलेला आहे, म्हणजे येता येता भारत घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं तेवढा फिरलाय.

रेखांश मात्र या पद्धतीनं कळत नाही. क्षेत्र अक्षाभोवती सगळीकडे सारखंच धरलेलं असतं, त्यामुळे खडक पूर्वेला होता की पश्चिमेला याबद्दल काटा गप्प असतो. त्यासाठी समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांची मदत घ्यावी लागते.

इथवरचं काम तुलनेनं सोपं होतं, कारण सह्याद्रीतले थर जवळपास आडवे आहेत आणि नंतर फारसे तापले-दुमडले नाहीत. हिमालयात, अँडीजमध्ये, आल्प्समध्ये असं सुख नाही. तिथे थर उभे झालेत, घड्या पडल्यात, एकमेकांवर चढलेत. आधी नमुना कसा घेतात ते बघा. पेट्रोलवर चालणारं, हातात धरायचं छिद्रकयंत्र असतं, त्याला हिऱ्याची कड असलेली पोकळ नळी. दुसरा माणूस सतत पाणी सोडत राहतो, नाहीतर नळी जळते. सात-आठ सेंटीमीटर आत गेलं की यंत्र बाहेर काढतात. दगडाचा बोटाहून जरा जाड दंडगोल अजून मुळाशी कातळाला चिकटलेलाच असतो. तो तुटायच्या आत त्याची दिशा नोंदवली पाहिजे, नाहीतर सगळं वाया. म्हणून त्यावर चीर असलेली पितळी नळी चढवतात, तिचा कल मोजतात आणि चिरेतून तार ओढून दगडावर खूण करतात. दिशेसाठी होकायंत्रावर भरवसा ठेवत नाहीत, कारण कातळच काट्याला फसवतो. त्याऐवजी सूर्याची सावली बघतात आणि घड्याळातली वेळ मिनिटासकट लिहितात. ढग आले तर थांबायचं. मग हलकेच दंडगोल मोडून घ्यायचा, त्यावर बाण काढायचा, पिशवीत टाकायचा आणि पुढच्या छिद्राला लागायचं.

प्रयोगशाळेत बाहेरचं चुंबकीय क्षेत्र आत येऊ न देणारी खोली असते. तिथे नमुना 100 अंश, 150, 200 असा टप्प्याटप्प्यानं तापवतात, निववतात, मोजतात. प्रत्येक टप्प्याला चुंबकत्वाचा एक एक पापुद्रा निघतो. अलीकडच्या काळात चिकटलेली दिशा सहसा कमी तापमानाला निघून जाते आणि मूळची दिशा शेवटपर्यंत टिकते. विजेनं बिघडलेले नमुने इथेच ओळखू येतात.

पण डोंगरातल्या खडकाची दिशा घडी पडण्याआधीची की नंतरची, हे कसं ओळखायचं? यावरचं उत्तर जॉन ग्रॅहम यांनी 1949 साली दिलं आणि ते इतकं सरळ आहे की वाचल्यावर आपल्यालाच सुचलं असतं असं वाटतं. घडीच्या दोन्ही बाजूंचे नमुने घ्या. मग कागदावर घडी उलगडा, थर पुन्हा आडवे करा. उलगडल्यावर दोन्हीकडचे काटे एकाच दिशेला आले तर चुंबकत्व घडीच्या आधीचं. उलगडण्याआधीच जुळत होते आणि उलगडल्यावर फाकले, तर ते घडी पडल्यानंतर चिकटलेलं. असा नमुना जुन्या अक्षांशासाठी वापरू नये. डोंगर उठताना खडकांतून गरम पाणी फिरतं, नवीन मॅग्नेटाइट तयार होतं आणि जुनी नोंद पुसली जाते. अमेरिकेतल्या अॅपलेशियन पर्वतात फार मोठ्या प्रदेशातले चुनखडक असे पर्मियन काळात (सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वी) पुन्हा चुंबकित झालेले आहेत. हिमालयाच्या उत्तरेकडच्या चुनखडकांबाबतही हाच घोळ झाला आणि आधी छापलेल्या काही आकड्यांवर प्रश्नचिन्ह लागलं.

गाळाच्या खडकात अजून एक अडचण येते. चुंबकित कण पाण्यातून खाली बसताना आणि नंतर वरच्या वजनानं गाळ दबताना आडवे, चपटे पडतात, त्यामुळे झुकाव खऱ्याहून कमी भरतो. झुकाव कमी म्हणजे अक्षांश विषुववृत्ताच्या जवळ. ही चूक दुरुस्त केली नाही तर एखादा डोंगर उगाच हजारेक किलोमीटर दक्षिणेला जाऊन बसतो. म्हणूनच डोंगरपट्ट्यात लाव्हा सापडला की लोकांना एवढा आनंद होतो.

झुकावातून अक्षांश मिळतो, तर काट्याच्या वळण्यातून डोंगराचं वळणं कळतं. नकाशात अँडीज बघा. पेरू आणि चिलीच्या सीमेवर, आरिकापाशी, ती रांग कोपरासारखी वाकलेली आहे. ती जन्मतःच वाकडी की सरळ होती आणि नंतर वाकली? वाकली असेल तर दोन्ही बाजूंचे काटे विरुद्ध दिशांना फिरलेले दिसायला हवेत. तसंच दिसतं: उत्तरेकडे पेरूत घड्याळाच्या उलट, दक्षिणेकडे चिलीत घड्याळाप्रमाणे. उत्तर स्पेनच्या कँटाब्रियात तर डोंगररांग घोड्याच्या नालासारखी वळलीय. तिथल्या कार्बनी काळातल्या (पर्मियनच्या लगेच आधीच्या) दिशा रांगेबरोबर वळतात, पण पर्मियनच्या सुरुवातीच्या दिशा अजिबात वळत नाहीत. म्हणजे वाकण्याचं सगळं काम त्या दोहोंच्या मधे, साधारण 31 ते 29.5 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात उरकलं. एवढी मोठी रांग दीड कोटी वर्षांत वळली, हे वेळेसकट सांगता येणं मला विलक्षण वाटतं.

आता परत खारदुंगला. लडाख आणि त्याच्या पश्चिमेचं कोहिस्तान ही एकेकाळची ज्वालामुखी बेटांची माळ होती, आजच्या इंडोनेशियासारखी. भारत आणि आशिया यांच्यामधल्या टेथिस समुद्रात ती नेमकी कुठे होती यावर फार जुना वाद आहे. एक बाजू म्हणे, ती आशियाला आधीच चिकटलेली होती. दुसरी म्हणे, ती समुद्रात बरीच दक्षिणेला होती. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या क्रेग मार्टिन, ऑलिव्हर जॅगूट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खारदुंगच्या ज्वालामुखी खडकांमधून नमुने काढले, झिरकॉन या खनिजावरून वय पक्कं केलं आणि 2020 मध्ये आकडा दिला: 6 कोटी 60 लाख ते 6 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी ही माळ 8.1 अंश उत्तरेला होती, 5.6 अंश इकडेतिकडे. म्हणजे विषुववृत्ताजवळ. तेव्हाच्या आशियाचा दक्षिण काठ याहून बराच उत्तरेला होता.

आता वजाबाकी आपणच करू. सह्याद्री 30 दक्षिण, लडाख 8 उत्तर, फरक 38 अंश, सुमारे 4,200 किलोमीटर. आज तो फरक 1,700 किलोमीटर. मधले 2,500 किलोमीटर नाहीसे झालेत. भारत फिरलाय हे हिशोबात धरलं तर आकडा थोडा वाढतोच. त्यातला बराचसा समुद्रतळ होता, तो लडाखखाली पृथ्वीच्या पोटात गेला. उरलेला भारताचाच उत्तर काठ. त्याच्या चळती एकमेकींवर चढल्या आणि तो हिमालय झाला. शिवाय लडाख स्वतः 8 वरून 34 अंशांवर आलं, म्हणजे त्याच्या मागे, आशियाच्या बाजूलाही अजून 2,900 किलोमीटरचा हिशोब लावायचा आहे.

मार्टिन आणि सहकाऱ्यांचं म्हणणं असं, की टक्कर दोनदा झाली. भारत आधी या बेटमाळेवर आदळला आणि मग दोघं मिळून साडेचार ते चार कोटी वर्षांपूर्वी आशियावर. सगळ्यांना हे पटलेलं नाही. एकच टक्कर मानणारे लोक तिबेट आणि झंस्कारमधल्या गाळाच्या खडकांकडे बोट दाखवतात आणि त्यांचे पुरावेही हलके नाहीत. मला दोन टकरींचं चित्र जास्त पटतं, कारण लाव्हाला चपटं पडण्याचा रोग नसतो. पण 5.6 अंश म्हणजे 600 किलोमीटर, सरळ रेषेत जवळपास मुंबई ते हैदराबाद. एवढा ढिलेपणा असलेल्या आकड्यावर शेवटचं मत बनवायची घाई मी करणार नाही. खारदुंगचे अजून थर मोजले गेले की ती मर्यादा आवळत जाईल.

दरम्यान ते दोन दगड थांबलेले नाहीत. भारताचा वेग तेव्हा वर्षाला 15 सेंटीमीटरच्या वर होता, आता 4-5 सेंटीमीटरवर आलाय, आणि त्यातला काही भाग हिमालयाच्या घड्यांमध्येच खर्च होतो. खंडाळा आणि खारदुंग आजही वर्षाला साधारण दीड-दोन सेंटीमीटरनं एकमेकांच्या जवळ सरकतायत, आणि हे मोजायला आता दगड तापवावा लागत नाही, कातळावर बसवलेला जीपीएस पुरतो.